पट्टा काढलेलं मशीन

रात्री पावणेदोनला मी मशीनचा पट्टा काढते.
चामडी पट्टा, चाकावरून अलगद,
आणि खुर्चीवर बसून नुसतंच पायडल मारते.
सुई हलत नाही, रीळ फिरत नाही,
खालच्या करंगुटकरांची झोप मोडत नाही.
विक्रोळीत, कन्नमवार नगरात, दुसऱ्या मजल्यावर
एक बाई काहीच शिवत नाही
आणि तिला तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

कसं होतं ते सांगता येत नाही.
दुखतं? नाही.
मुंग्या? मुंग्या कातडीवरून चालतात, हे आतून.
पोटरीच्या हाडात कुणी सोड्याची बाटली फोडावी, तसं.
पाय हलवला की थांबतं,
थांबवला की सुरू.

बारा वर्षं एवढंच सांगत होते मी
आणि लोक म्हणत होते वात, गॅस, वय.
सासूबाई म्हणायच्या, पाय हलवू नये गं, लक्ष्मी जाते.
(ती आली कधी होती, हे मी विचारलं नाही.)
हे म्हणायचे, पायाला भिंगरी बांधलीय तुझ्या,
नीज आता, मला सकाळची पाळी आहे.
सिनेमाला मी कडेची खुर्ची मागायचे.
मग सिनेमाच सोडला.
चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला भटजी बोलत होते
आणि मी तीनदा पाणी प्यायला उठले.
जाऊबाईंनी ते अजून लक्षात ठेवलंय.

डॉक्टर तनाझ मिस्त्रींनी चष्मा काढून विचारलं,
संध्याकाळनंतर वाढतं?
आडवं झालं की जास्त?
उठून चाललं की बरं?
माझी रात्र त्यांनी कुठून पाहिली होती कोण जाणे.
मी हो, हो म्हणत रडले, आणि रडले म्हणून ओशाळले.
त्या म्हणाल्या, याला नाव आहे, रेस्टलेस लेग्ज.
तुमच्या मनाचे खेळ नाहीत हे. रक्तातलं साठ्याचं लोह बघू.
अकरा निघालं.
घरात एवढं लोखंड,
तवा, विळी, हे मशीन,
आणि माझ्या वाट्याला अकरा.

गोळी लिंबाच्या पाण्यासोबत,
चहा तिच्यापासून दोन तास लांब,
संध्याकाळचा तर नकोच.
आणि सर्दीची ती पिवळी गोळी,
झोप लागावी म्हणून जी मी मुद्दाम घ्यायचे,
तीच पाय पेटवत होती.
चार महिने लागतील, म्हणाल्या.
कदाचित पूर्ण जाणारही नाही.
मला ते आवडलं, खोटं न बोलणं.

घरात आणखी कुणाला होतं का?
नाही, म्हटलं मी.

मग परतताना, गाडीवर मेथीची जुडी निवडताना,
हात थांबला.
काळाचौकीची खोली. जेवणं झालेली. आई भिंतीकडे तोंड करून पालथी.
ये गं, पायांवर उभी राहा.
मी फळी धरून तिच्या पोटऱ्यांवर चढायचे
आणि पाढे म्हणायचे, तोल जाऊ नये म्हणून.
सतराला जीभ अडखळायची.
आई म्हणायची, चुकलीस. पुन्हा पहिल्यापासून.
कधी बरोबर आला तरी म्हणायची, चुकलीस.
मला वाटायचं, पाढ्यांच्या बाबतीत
माझी आई फार कडक.

भाजीवाला म्हणाला, ताई, घेताय की नाही?

आता लोह एक्केचाळीस आहे.
वहीत लिहिते, कुठली रात्र कशी गेली.
गेल्या आठवड्यात चार रात्री सलग झोपले,
पाचव्या रात्री पुन्हा सोड्याची बाटली.
मग गार पाणी, मग पोटऱ्यांना तेल,
गॅलरीत सोळा फेऱ्या,
कुत्रा सुद्धा मान वर करत नाही आता.
आणि तेवढ्यानं नाहीच भागलं तर
पट्टा काढायचा, खुर्ची ओढायची.
सतरा एके सतरा.
सतरा दुणे चौतीस.
सतरा त्रिक एक्कावन्न.
माझ्या पायांवर कुणी उभं नाही,
तरी मी मुद्दाम चुकते.

सकाळी पट्टा परत चढवते.
तोडणकरबाईंच्या दोन साड्या,
फॉल-बिडिंग, बुधवारपर्यंत.